हाव म्हणजे होय

माझ्या व्यवसायाची पाटी घरावर लावावी, असे पत्नीचे सुरुवातीपासून म्हणणे होते. मी ती लावली नाही. एक तर वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आमच्या गल्लीत त्या पाटीचा अर्थ फार थोड्यांना लागला असता, आणि ज्यांना लागला असता त्यांच्या प्रश्नांना तोंड देण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी नोकरदार माणसांचे इंग्रजी उच्चार सुधारतो. इंग्रजी शिकवत नाही. ते त्यांना येत असते, पुष्कळदा माझ्यापेक्षा चांगले. पण ते बोलू लागले की पलीकडचा परदेशी माणूस ‘पुन्हा सांगा’ म्हणतो, आणि तिसऱ्यांदा ‘पुन्हा सांगा’ ऐकल्यावर भल्या हुशार माणसाचाही धीर सुटतो. असा धीर सुटलेली माणसे माझ्याकडे येतात. येतात म्हणजे संगणकाच्या पडद्यावर येतात.

हा उद्योग मी एकोणसाठाव्या वर्षी सुरू केला. त्याआधी तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, तेही असे की मागच्या बाकांपर्यंत माझा आवाज पोचत नाही ही तक्रार निवृत्तीच्या दिवसापर्यंत कायम होती. मी निवृत्त झाल्यावर, परदेशी गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने उच्चारांबाबत काही विचारले. मला उत्तर देता आले नाही. त्या लाजेपोटी मी वर्षभराचा एक अभ्यासक्रम घरबसल्या केला. वर्गात मी सर्वांत वडील होतो आणि कॅमेरा बंद ठेवून बसणारा एकटाच होतो. अशा माणसाने इतरांना बोलायला शिकवावे, यात जी विसंगती आहे ती माझ्या पत्नीने, सुनंदाने, पहिल्याच दिवशी सांगितली होती. “तुमी भाजीवाल्याले भाव नाई इचारत, अन् लोकायले बोलनं शिकवता!”

बाहेरच्या माणसाला हे काम जादूचे वाटते. प्रत्यक्षात ते बरेचसे सुताराच्या कामासारखे आहे. थोडे इथून तासायचे, थोडे तिथे भर घालायची. आपण मराठी माणसे प्रत्येक अक्षराला सारखाच मान देतो. इंग्रजीत तसे नसते. तिथे एका शब्दातले एकच अक्षर पाटावर बसते आणि बाकीची दाराशी उभी राहतात. ‘डेव्हलपमेंट’ असे आपण चारही अक्षरे ठणकावून म्हणतो. त्यांच्याकडे ‘व्हे’ लांबतो आणि उरलेले सारे घाईघाईने गिळले जाते. हे समजावण्यासाठी मी दोन्ही हातांत एक रबरबँड धरतो आणि नेमक्या अक्षरावर ताणतो. इंग्रजी शब्दाच्या आरंभीचा ‘प’ आपल्यापेक्षा अधिक वाऱ्याचा असतो. त्यासाठी ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, आणि ती हलली नाही तर पलीकडे ‘ब’ ऐकू गेला असे समजायचे. सर्वांत अवघड आपला ‘व’. आपला एक आहे, त्यांचे व्ही आणि डब्ल्यू असे दोन. एकासाठी वरच्या दातांनी खालचा ओठ हलकेच धरायचा, आणि दुसऱ्यासाठी बशीतला चहा फुंकताना होतो तसा ओठांचा चंबू करायचा.

या ‘व’पायी आलेले एक गुरांचे डॉक्टर मला फार आवडले होते. त्यांना परदेशात एका परिषदेत निबंध वाचायचा होता. पशुवैद्याला इंग्रजीत ‘व्हेट’ हा जो छोटा शब्द आहे तो ते ओठांचा चंबू करून म्हणत. त्यामुळे ‘मी पशुवैद्य आहे’ असे ते छाती काढून सांगत, आणि ऐकणाऱ्याला ‘मी ओला झालो आहे’ असे ऐकू येई. हे मी त्यांना भीत भीत सांगितले. ते खदखदून हसले.

“मंग टावेल घेऊनच उभा राहातो ना सर मंचावर!”

तीन तासिकांत त्यांनी तो एक शब्द साधला आणि निरोप घेतला. मी म्हणालो, “अजून पुष्कळ काम बाकी आहे, डॉक्टर.” ते म्हणाले, “बाकीचं राहू द्या जी. म्हशीले कयते मी काय बोलतो ते. त्या लोकायलेही कयनच.” आणि त्यांना कळले. निबंध उत्तम झाला, असे त्यांनी तिकडून कळवले. आपल्याला नेमके किती बदलायचे आणि कुठे थांबायचे, हे त्या माणसाला ठाऊक होते. मला ते ठाऊक नव्हते. पुढची सगळी हकीकत त्यातूनच घडली.

ती प्रणालीची आहे. हे तिचे खरे नाव नाही. तिच्या इच्छेप्रमाणे बदलले आहे.

प्रणाली अल्लीपूरची. वडील देवरावजी घरच्या शेतात वांगी, मेथी, कोथिंबीर काढतात आणि हिंगणघाट, वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकतात. मुलगी शिकून अभियंता झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. परदेशातल्या ग्राहकांशी रोज बोलायचे, त्यांच्या संगणकप्रणालीतले दोष ऐकून घ्यायचे आणि दुरुस्त करायचे, असे तिचे काम. कामात ती तरबेज होती. तरीही वरिष्ठांनी तिला बोलावून सांगितले होते की तीन महिन्यांत बोलणे सुधारले नाही तर ग्राहकांपुढे तिला ठेवता येणार नाही. आणि ग्राहकांपुढे नसलेल्या माणसाची त्या विभागात गरजच नव्हती.

अडचण काय होती, ते तिच्या एका बैठकीचे ध्वनिमुद्रण ऐकेपर्यंत मला कळले नाही. पलीकडचा गृहस्थ दोष समजावून सांगत होता. ती मन लावून ऐकत होती आणि आपण ऐकतो आहोत हे दाखवण्यासाठी आपल्याकडची माणसे जे म्हणतात ते दर वाक्यानंतर म्हणत होती. ‘हाव.’ वर्धा-नागपूरकडच्या वाचकांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो की आमच्याकडे ‘हाव’ म्हणजे होय. तो होकार असतोच. शिवाय ‘बोला, मी आहे इथे’ असे सांगणारा हुंकारही असतो. पण त्या परदेशी गृहस्थाच्या कानात तो इंग्रजी प्रश्न होऊन शिरत होता. ‘हाऊ?’ कसे? त्याने एक वाक्य सांगावे, हिने ‘हाव’ म्हणावे, त्याने ‘कसे’ ते अधिक फोड करून सांगावे, हिने त्याच्या मेहनतीला दाद म्हणून आणखी जोरात ‘हाव, हाव’ म्हणावे. वीस मिनिटांची बैठक तासावर गेली. शेवटी त्या सज्जन माणसाने तक्रार लिहिली की ही मुलगी चांगली आहे, पण तिला काहीच समजत नाही. प्रत्येक गोष्टीला ती ‘कसे’ असे विचारते.

मी ते प्रणालीला ऐकवले तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. “अगं माय! म्हणून तो बिचारा सांगूनच राह्यला, सांगूनच राह्यला!” ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने डोळे पुसले. “सर, हे मी आता कसं थांबवू? मले तं माहीतच नाई का मी हाव म्हणते.”

त्या क्षणी मी तिला एक साधा, खरा उपाय सांगायला हवा होता. कामाच्या बैठकीत ‘येस’ किंवा ‘राइट’ म्हण, आणि बाकी जगात तुझे तू बोल. माणसाच्या जिभेवर तीन-चार भाषा गुण्यागोविंदाने नांदतात, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले होते. पण मी तिला म्हणालो, “हा शब्द तीन महिने पूर्ण बंद. पुण्यात नाही, घरी नाही, वडिलांशी फोनवरही नाही. समोरचा बोलत असताना पूर्ण शांत राहायचे. जिभेला दोन सवयी ठेवता येत नाहीत.”

हे शेवटचे वाक्य खोटे होते, आणि ते खोटे आहे हे मला माहीत होते. तरीही ते माझ्या तोंडून इतक्या सहज का निघाले, हे सांगायचे तर मला चाळीस वर्षे मागे जावे लागेल.

मी स्वतः याच जिल्ह्यातल्या कारंजा घाडगेचा आहे. हे वाक्य लिहितानाही मी थोडा थांबलो, कारण गेली कित्येक वर्षे मी ते कोणाला सांगितलेले नाही. हमरस्त्याला लागून वडिलांचे किराणा दुकान होते. ट्रकवाले थांबून चहासाखर आणि आगपेटी घेत. तिथून मी एम. ए.साठी पुण्याला गेलो. पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी वर्गात विचारले, “पुढच्या तासाला उतारा वाचशील का?” मी आनंदाने उभा राहिलो आणि म्हणालो, “हाव.”

प्राध्यापक क्षणभर थांबले. मग मिस्कील चेहऱ्याने म्हणाले, “कशाची?”

प्रमाण मराठीत हाव म्हणजे लोभ. वर्ग हसत सुटला. ते गृहस्थ दुष्ट नव्हते; विनोद सुचला आणि त्यांनी केला. त्यांना तो दुसऱ्या दिवशी आठवतही नसेल. मी मात्र त्या दिवसापासून तो शब्द उच्चारला नाही. वसतिगृहाच्या गच्चीवर एकटा फिरत मी ‘शाया’चे ‘शाळा’ केले, ‘पानी’चे ‘पाणी’ केले. ‘ळ’ आणि ‘ण’ मी जितके घोटले तितका अभ्यासाला लावलेला चॉसर कवीही वाचला नाही. दोन वर्षांनी परतलो तेव्हा माझे मराठी असे झाले होते की वर्ध्यात नोकरीला लागल्यावर सगळ्यांनी मला पुण्याचा धरले. मी कोणाची समजूत दुरुस्त केली नाही. घरी गेलो की वडील माझ्याशी मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलावे तसे अदबीने ‘हो, हो’ म्हणू लागले. तेही मी दुरुस्त केले नाही.

तेव्हा, प्रणालीला मी जे सांगितले ते शास्त्र नव्हते. माझ्यावर जे झाले ते तिच्यावरही व्हावे, म्हणजे माझे झालेले योग्य ठरेल, असा काहीतरी तो हिशेब असावा. तेव्हा मला तो असा दिसला नाही. तेव्हा मला मी कडक शिस्तीचा गुरू वाटलो.

तिने माझे ऐकले. फार नेटाने ऐकले. तीन महिन्यांच्या शेवटी तिचे इंग्रजी इतके स्वच्छ झाले की मला स्वतःला तिच्यासमोर बोलताना संकोच वाटू लागला. नोकरी टिकली, पुढे तिला एका गटाचे प्रमुखपदही मिळाले. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी दोन मिनिटांचे आणि शेवटच्या दिवशी दोन मिनिटांचे बोलणे मुद्रित करून ठेवण्याची रीत आहे. आधीचा आवाज आणि नंतरचा आवाज. शिकणाऱ्याला प्रगती दाखवण्यासाठी ती असते. प्रणालीची जोडी ही माझी सर्वोत्तम जोडी होती.

मागच्या हिवाळ्यात वर्ध्याच्या एका महाविद्यालयाने मला व्याख्यानाला बोलावले. मी नाही म्हणणारच होतो. मग मनात आले की आपल्याला फारसे बोलावेच लागणार नाही. ती जोडी ऐकवू. प्रणालीला मी एवढेच कळवले की व्याख्यान आहे. मुद्रण लावणार आहे, हे सांगितले नाही. विचारण्याचे सुचले नाही, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगितले. खरे असे की सुचले होते, आणि ती कदाचित नाही म्हणेल हेही सुचले होते.

तिचे आधीचे मुद्रण तिने सुटीत अल्लीपूरला असताना केले होते. ‘घरातल्या एका व्यक्तीविषयी बोला’ असा माझा ठरलेला प्रश्न असतो. ती वडिलांविषयी बोलत होती. ते पहाटे भाजी कशी धुतात, जुड्या कशा बांधतात, सगळ्या अक्षरांना सारखा मान देणाऱ्या इंग्रजीत. मध्येच आतून खुद्द देवरावजींची हाक येते.

“जेवली का वो माय?”

आणि ही, माइक बंद न करता, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडते, “हाव ना बाबा! इंग्लिश बोलून राह्यली ना मी!”

तो तुकडा मला कापता आला असता. मी कापला नाही. सभागृहात तो लागला आणि दोनशे मुले एकदम हसली. आयुष्यात माझ्यामुळे सभागृह हसण्याची ती पहिली वेळ होती. मागच्या बाकांपर्यंत कधी न पोचलेला माणूस मी. ते हसणे मागच्या भिंतीला लागून माझ्याकडे परत आले, आणि मला ते आणखी हवे झाले. मी हात वर करून त्यांना थांबवले, मुद्रण थोडे मागे नेले, ते ‘हाव ना’ पुन्हा वाजवले आणि मिस्कील चेहरा करून विचारले, “कशाची?”

शब्द तोच होता. थांबणे तेच होते. मला वाटते, चेहराही तोच असावा.

मग मी नंतरचा आवाज लावला. मुले थक्क झाली. टाळ्या झाल्या. मी पायऱ्या उतरून बाहेर आलो तेव्हा दाराशी धोतर-सदरा घातलेले, साठीच्या पुढचे एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन उभे होते.

“नमस्कार सर. मी देवराव. परनालीचा बाप, अल्लीपूरचा. बाजारात आलतो. पोरीनं सांगतलं होतं का सरायचं भाषन आहे म्हनून.”

मी विचारले, “आपण… आत होता?”

“मांगं बसलो होतो ना. शेवटच्या बाकावर.” त्यांनी पिशवी पुढे केली. “वांगे आनले तुमच्यासाठी. घरचे हायेत.”

मी पिशवी घेतली. ते बोलू लागले, शांतपणे, जणू एखाद्या औषधाचा गुण सांगत असावेत. “पोरीचा आवाज तुमी लय सुधारला सर. साऱ्यायनं टाया वाजवल्या. मले काई कयलं नाई, पन चांगलंच असन. फकत एक होते. फोनवर मले समजत नाई का ती हाय का गेली. मी बोलतो, बोलतो, अन् तिकडून कायीच नाई. मंग मी हालो हालो करतो. ती म्हनते, ‘ऐकते आहे बाबा.’” ती तीन शब्दांची नक्कल त्यांनी इतकी हुबेहूब पुणेरी केली की एरवी मी हसलो असतो. “आयकून राह्यली तं हाव म्हनाले काय होते जी मानसाले?”

मी म्हणालो, “मी बोलेन तिच्याशी.” सभागृहात काय झाले त्याविषयी मी काही म्हणालो नाही. त्यांनीही विचारले नाही. बाजाराकडे जायला ते वळले आणि मला त्यांची पाठ बराच वेळ दिसत राहिली.

घरी वांग्यांची भाजी झाली. सुनंदाने ताट वाढले आणि माझ्याकडे पाहत राहिली. “काऊन खाऊन नाई राह्यले? इतके कवळे वांगे हायेत.” मी तिला सगळे सांगितले. तिने एकच गोष्ट विचारली. “त्यायच्यासमोर पोरीले हासले?”

“मी नाही हसलो. हसवले.”

“मंग तं जास्तच झालं,” ती म्हणाली. “उद्या अल्लीपूरले जा अन् माफी मांगा. बस आहे सकाळची.”

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी नाही आणि त्यानंतरच्या दिवशीही नाही. मला माणसासमोर उभे राहून काही कबूल करण्याची कला कधीच साधली नाही. मी त्याऐवजी संगणकापुढे बसलो, प्रणालीचे ते आधीचे मुद्रण शोधले आणि खोडून टाकले. संगणकातली कचऱ्याची पेटीही रिकामी केली, म्हणजे ते पुन्हा कधी वर येणार नाही. ते पुन्हा कोणी ऐकणार नाही, कोणी हसणार नाही. यालाच प्रायश्चित्त म्हणतात अशी मी समजूत करून घेतली, आणि त्या रात्री बरा झोपलो.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी फाटकाची कडी वाजली. देवरावजी होते. हातात मेथीच्या दोन जुड्या आणि सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सुनंदाने पाणी दिले, चहा ठेवला. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नवा मोबाइल काढला.

“पोरीनं धाडला सर. मोठा हाय. यात म्हने टेप बी राहाते.” त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. “त्या दिवशी सभेत तुमी लावलं होतं ना, परनालीचं… पह्यलं वालं. ते यात टाकून द्या ना.”

मी विचारले, “पहिलेच? नंतरचे फार चांगले आहे.”

“नंतरचं तं मी रोजच आयकतो फोनवर,” ते म्हणाले. “पह्यल्यात ती मले हाव म्हनते. तिची माय वारली तवापासून मीच तिले जेवाले आवाज देतो, अन् ती आतून तशीच वरडते. लोकं हासले तं हासू द्या. मीही हासलो होतो थोडासा. माह्याच घरचा आवाज, अन् एवढ्या मोठ्या हालमधी!”

आतापर्यंत मला वाटत होते की त्या मुद्रणात तिची फजिती आहे. त्यांच्या लेखी त्यात त्यांची मुलगी होती.

खोटे बोलण्याची सोय पुष्कळ होती. यंत्र बिघडले, शोधतो, सापडले की कळवतो. त्यांनी विश्वास ठेवला असता. मी “त्याचे असे झाले की” अशी सुरुवातही केली. देवरावजी माझ्याकडे पाहत होते. वर्षानुवर्षे बाजारात गिऱ्हाइकाचे तोंड वाचलेला माणूस.

“मिटवलं का सर?” त्यांनी हळूच विचारले.

“हाव,” मी म्हणालो.

तो शब्द मी ठरवून आणला नव्हता. चाळीस वर्षे तो कुठे बसून होता कोण जाणे. आला तो या कबुलीसाठी आला. स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज थांबला. लग्नाला तेहतीस वर्षे झाली, सुनंदाने माझ्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता.

देवरावजींनी मोबाइल पुन्हा पिशवीत गुंडाळला. मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी न जुळणारी गोष्ट जुळवू पाहणाऱ्याचे नवल होते.

“तुमी आपल्याकडले व्हय का जी?”

“कारंजा. घाडग्याचं.”

“आंऽ!” ते म्हणाले. “मंग इतके दिवस पुन्याचे काऊन बनून राह्यले?”

त्यांनी चहा संपवला, टोपी नीट केली. मी माफी मागितली. ती मागताना माझी भाषा पुन्हा प्रमाण झाली होती, हे मला ऐकू येत होते. फाटकाशी ते थांबले. “मी पोरीले काईच सांगतलं नाई सर. सभेतलंही नाई अन् हेही नाई सांगनार. तुमचं तुमीच सांगजा. माह्या तोंडून आयकून तिले तुमचा राग येईन, अन् तुमी तिचे गुरुजी हा.”

हे त्यांनी माझ्यावर केलेले उपकार होते की दिलेली शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

येत्या रविवारी सांगू, असे म्हणत मी तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी सकाळी सुनंदाने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बाहेर तुळशीपाशी जाऊन बसली. आपण हे आपल्या बोलीत सांगायचे, असे मी ठरवले होते. दोन वाक्ये मनात जुळवूनही ठेवली होती. पण प्रणालीचा आवाज कानी पडला आणि माझी जीभ चाळीस वर्षांच्या सवयीने व्यवस्थित, नीटस मराठीकडे वळली.

मी सगळे सांगितले. न विचारता लावलेले मुद्रण, दोनशे मुलांचे हसणे, पुन्हा मागे नेऊन वाजवलेला तो शब्द, माझा विनोद आणि तो विनोद मुळात कोणाचा होता ते. शेवटच्या बाकावरचे तिचे वडील. वांगी. खोडून टाकलेला आवाज. मोबाइल घेऊन त्यांचे येणे. बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की पलीकडून काहीच येत नाही. श्वास नाही, हुंकार नाही. एखाद्या कोरड्या विहिरीत वाकून बोलावे तसे मी बोलत होतो. दर वाक्यानंतर मी नकळत थांबत होतो, त्या छोट्या शब्दाची वाट पाहत होतो, आणि तो येत नव्हता. देवरावजी रोज हेच अनुभवतात, हे मला त्या रविवारी कळले. समोरचा बोलत असताना पूर्ण शांत राहायचे, हे तिला मीच शिकवले होते.

तिच्या पहिल्या वाक्यानंतर ती माझ्याशी जे बोलली ते तिचे आहे; त्या वाक्यापर्यंतच लिहिण्याची परवानगी तिने दिली आहे. म्हणून मीही तिथेच थांबणार आहे.

शेवटी मला राहवले नाही. तिच्या वडिलांसारखाच मी म्हणालो, “हॅलो? प्रणाली? हॅलो? ऐकते आहेस ना?”

“आय ॲम लिसनिंग, सर,” ती म्हणाली.

‘लि’ नेमका लांबला होता, बाकीचे सारे हलकेच आत गेले होते, आणि शेवटचा सूर जिथे उतरायला हवा तिथेच उतरला होता. मी कान देऊन ऐकले. एकही चूक नव्हती.